सँक्शन म्हणजे मंजुरी की निर्बंध? (भाचीसमोर माझी झालेली फजिती)

पासबुक

मंडळी, बँकेत 31 वर्षं काढली, त्यातली शेवटची 14 कर्ज विभागात, त्यामुळे सँक्शन हा शब्द मी जितक्या वेळा लिहिला असेन तितक्या वेळा स्वतःचं नावपण लिहिलं नसेल. नोट वर गेली, सँक्शनिंग ऑथॉरिटीची सही झाली, सँक्शन लेटर निघालं, की पार्टी पेढे घेऊन हजर (आणि मग त्यांना समजवायचं की अहो सँक्शन झालंय, डिस्बर्स नाही झालेलं, म्हणजे पैसे अजून हातात नाही आलेत, पेढे आत्ताच नका वाटू). तर सांगायचा मुद्दा असा की ह्या शब्दाचा अर्थ मला कोणी विचारेल आणि मी चुकेन असं स्वप्नातपण वाटलं नव्हतं.

माझी भाची स्पर्धा परीक्षांची तयारी करतेय, रोज इंग्रजी पेपरातला अग्रलेख वाचून अडलेले शब्द वहीत लिहिते. परवा फोन आला, मामा, सँक्शन म्हणजे काय? मी ऐटीत सांगितलं, मंजुरी गं, एवढं पण माहीत नाही? तिने शांतपणे विचारलं, मग मामा, 1998 साली पोखरणनंतर अमेरिकेने भारताला कसली मंजुरी दिली होती?

गप्प बसलो हो. बातम्या तर मी पण वाचतो, इराण रशिया वगैरेंवरचे सँक्शन्स डोळ्यांखालून रोज जातात, पण हा आणि माझा सँक्शन लेटरवाला एकच शब्द आहे हे डोक्यात कधी आलंच नाही. जणू दोन वेगळी खाती, केवायसी एकच.

आता प्रश्न दोन. एक, वाक्य वाचताना कुठला अर्थ घ्यायचा हे पोरीला कसं सांगू? दोन, एकाच शब्दाला असे उलटे अर्थ चिकटले कसे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

शंकासुर

काका सोप्पं आहे. अनेकवचन असेल, सँक्शन्स, तर 100 पैकी 99 वेळा निर्बंध. सोबतची क्रियापदं बघा, इम्पोज, लिफ्ट, ईझ, टायटन. आणि ऑन किंवा अगेन्स्ट आलं की विषयच संपला. मंजुरीवाला सँक्शन एकटा असतो, विथ द सँक्शन ऑफ द गव्हर्नमेंट, विदाउट प्रायर सँक्शन, असा. मंजुरी काय डझनाने मिळत नाही.

---

आळशी_उंट

>> मंजुरी काय डझनाने मिळत नाही

आमच्या पंचायतीत तर एकटी पण मिळत नाही. असो. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

गल्लीक्रिकेट

@शंकासुर, नियम अर्धा बरोबर. आयसीसीची प्रेसनोट कधी वाचली आहे का? खेळाडूने अंपायरकडे बॅट दाखवली, काहीतरी बोलला, की दुसऱ्या दिवशी ठरलेलं वाक्य येतं, अमक्याने चूक कबूल केली आणि मॅच रेफ्रीने सुचवलेलं सँक्शन स्वीकारलं म्हणून सुनावणीची गरज पडली नाही. एकवचनीच आहे ना? पण अर्थ शिक्षा. म्हणजे मॅच फी कापली आणि डिमेरिट पॉइंट दिला.

आणि गंमत म्हणजे त्याच क्रिकेटमध्ये अनसँक्शन्ड लीग पण असते. 2007 ला आयसीएल (इंडियन क्रिकेट लीग) आठवतेय का, ती बीसीसीआयची सँक्शन नसलेली लीग. म्हणजे लीगला सँक्शन नव्हतं म्हणून तिथे खेळलेल्यांवर सँक्शन आलं 😀 कित्येकांची करिअर त्यात अडकली. हे वाक्य इंग्रजीत लिहिलं तर भाचीचा पेन मोडेल.

---

शंकासुर

बरं बाबा, 99 चे 90 करतो. अ सँक्शन असं मोजता येण्यासारखं असेल तर शिक्षा, आणि आधी काहीच आर्टिकल नसेल, गिव्ह सँक्शन टू, तर मंजुरी. आता तरी चालेल का?

---

वकीलीणबाई

चालेल, पण कोर्टात जरा जपून. आमच्याकडे दोन्ही अर्थ एकाच मजल्यावर राहतात.

सरकारी नोकराने पदावरचं काम करताना केलेल्या गुन्ह्याची कोर्टाने दखल घ्यायची तर आधी सरकारची सँक्शन लागते. जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम 197 होतं, 1 जुलै 2024 पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली त्यात ते 218 झालं. त्यात आता अशी मेख आहे की सरकारने 120 दिवसांत निर्णय नाही दिला तर सँक्शन मिळाली असं समजायचं. लाचलुचपतीच्या कायद्यात कलम 19 ला पण हेच, आधी मंजुरी मग खटला. पेपरवाले 'खटला चालवण्यास परवानगी' लिहितात ते हेच.

म्हणजे बघा, सँक्शन टू प्रॉसिक्यूट ही मंजुरी, पण मंजुरी कशाची तर माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची. आणि त्याच खटल्याच्या शेवटी निकालपत्रात पीनल सँक्शन असं लिहिलेलं सापडेल, तिथे शिक्षा. ज्युनियर मुलं इथे हमखास गोंधळतात.

अमेरिकेत तर वकिलांवरच सँक्शन्स येतात. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात एका विमान कंपनीविरुद्धच्या केसमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे जोडले, कोर्टाने 5000 डॉलर दंड लावला. बातमीत शब्द होता सँक्शन्ड. आमच्या ग्रुपवर एका सिनियर सरांनी ती बातमी टाकून खाली लिहिलं, बघा तिकडे कोर्टाने एआय मंजूर केलं! मोठे आहेत, कोणी काही बोललं नाही.

---

टेम्सकाठी

इथे इंग्लंडात हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो शेजारच्या पोराकडून. बेकारभत्त्यावर होता तो. आय हॅव बीन सँक्शन्ड म्हणाला, मी आपला अरे वा अभिनंदन म्हणून हात पुढे केला. तोंड बघण्यासारखं झालं त्याचं. जॉबसेंटरची ठरलेली भेट चुकवली की भत्ता कापतात किंवा थांबवतात, त्याला इथे सँक्शन होणं म्हणतात. आईशप्पथ, अजून त्याच्याशी नजर मिळवायला लाज वाटते.

त्यामुळे माझं मत, माणूस सँक्शन झाला की वाईट, वस्तू सँक्शन झाली की चांगलं. लोन सँक्शन, रजा सँक्शन, पोस्ट सँक्शन, पण माणूस किंवा देश किंवा कंपनी सँक्शन झाली की समजा गेला बाराच्या भावात.

---

पासबुक

@टेम्सकाठी, हा नियम मला सगळ्यात आवडला, उद्याच भाचीला सांगतो. माझ्या बाजूने उदाहरणं जोडतो. महावितरणच्या बिलावर मंजूर भार असतो तो सँक्शन्ड लोड, बिल्डरकडे मंजूर नकाशा म्हणजे सँक्शन्ड प्लॅन, आणि ऑफिसात मंजूर पदं, सँक्शन्ड स्ट्रेंग्थ. सुप्रीम कोर्टात 2019 ला ती सरन्यायाधीश धरून 34 झाली. सगळ्या वस्तूच. माझी कर्जंपण वस्तूच.

---

कोडमोड्या

टेम्सकाठी यांचा नियम भारी आहे पण तो एका जागी आपटतो आणि आम्ही तिथे आपटलेलो आहोत. आमची कंपनी बाहेरच्या क्लायंटसाठी काम करते. आमच्या पर्चेसच्या माणसाने अमेरिकेतल्या टीमला मेल केला, प्लीज शेअर द लिस्ट ऑफ सँक्शन्ड व्हेंडर्स. त्याला हवी होती मान्यताप्राप्त सप्लायर्सची यादी. तिकडून कंप्लायन्सवाल्या बाईंनी तासाभरात शेकडो नावांची फाईल पाठवली, ज्यांच्याशी धंदा केला तर जेलमध्ये जाल अशांची! वर एक काळजीचा मेल, तुम्हाला यांच्याशी काही व्यवहार करायचाय का म्हणून. कॉल झाला, मॅनेजर आला, लीगल आलं. तेव्हापासून आमच्याकडे अलिखित नियम आहे की सँक्शन्ड हे विशेषण लिहायचंच नाही, अप्रूव्हड लिहा नाहीतर ब्लॉक्ड लिहा.

आणि हायफनवाले तर अजून वाईट. यूएन-सँक्शन्ड मिशन म्हणजे युनोची परवानगी असलेलं, यूएन-सँक्शन्ड इंडिव्हिज्युअल म्हणजे युनोने बंदी घातलेला. आधीचा शब्द तोच, हायफन तोच.

---

शंकासुर

मिशन वस्तू, इंडिव्हिज्युअल माणूस. नियम टिकतोय की.

---

कोडमोड्या

आणि व्हेंडर?

---

शंकासुर

व्हेंडर माणसात पण नाही आणि वस्तूत पण नाही. (हलके घ्या.)

---

मनीमाऊ

सगळे नियम ठीक पण पासबुककाकांचा दुसरा प्रश्न कोणीच घेतला नाही, असं झालं कसं. मला वाटतं हे आपल्या 'वाढवणे' सारखं असणार. नारळ वाढवला म्हणजे फोडला. बांगडी वाढली म्हणजे फुटली. कुंकू संपलं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. आजी तर दुकानदाराने दुकान बंद केलं तरी दुकान वाढवलं म्हणायची. इंग्रजांनीपण शिक्षा म्हणायला वाईट वाटतं म्हणून मंजुरीचा शब्द गोडीगोडीने वापरला असेल?

---

घाटावरचा

मनीमाऊताई, उदाहरणं झकास पण जात वेगळी. वाढवणे आपण अशुभ टाळायला म्हणतो, आतून सगळ्यांना माहीत असतं फुटलंय ते. सँक्शनमध्ये कोणी काही टाळत नाहीये, बंदी घालणारे तर छाती फुगवून सांगतात. त्यापेक्षा परवा जवळचा. परवा आलो, परवा येतो. दोन्हीकडे आजपासून दोन दिवस, दिशा क्रियापद सांगतं. भाड्याने पण तसंच, घर भाड्याने दिलं का घेतलं. ओव्हरसाइटची पण हीच गत, ओव्हरसाइट कमिटी म्हणजे देखरेख आणि ड्यू टू ओव्हरसाइट म्हणजे नजरचूक. इंग्रजीत असे बरेच आहेत.

---

आळशी_उंट

ओव्हरसाइट कमिटीकडून ओव्हरसाइट झाली की शब्दकोश पूर्ण झाला.

---

अष्टागरकर

उशिरा येतोय, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. आपल्या भाषेत ह्या शब्दाचा अगदी जुळा भाऊ बसलाय आणि कोणाला दिसेना. शासन!

'महाराष्ट्र शासन' म्हणजे सरकार. 'गुन्हेगारांना कठोर शासन झालं पाहिजे' म्हणजे शिक्षा. आणि जुन्या काळात राजा जमीन दान द्यायचा तो तांब्याचा पत्रा म्हणजे ताम्रशासन, म्हणजे चक्क सँक्शन लेटर. मंजुरी पण शासन, शिक्षा पण शासन. आपण कधी गोंधळलो का? नाही, कारण मूळ अर्थ एकच आहे, राजाचा हुकूम. हुकमाने दिलं पण जातं आणि हुकमाने फटके पण मिळतात.

लॅटिनचं पण तेच. सांकिरे म्हणजे एखादी गोष्ट पवित्र, अभंग करून टाकणं, आता हिला कोणी हात लावायचा नाही असं ठरवणं. सेंट, सँक्टिटी, सँक्च्युअरी ही सगळी त्याच घरातली. पक्ष्यांचं अभयारण्य म्हणजे सँक्च्युअरी ना, तिथे पक्ष्याला अभय आणि शिकाऱ्याला दंड, दोन्ही एकाच पाटीवर. आता कायदा अभंग करायचा तर नुसतं म्हणून भागत नाही, मोडणाऱ्याचं काय होईल तेही लिहावं लागतं. रोमन कायद्यात शेवटी असा भाग असायचा त्याला सांक्टिओ म्हणायचे. युरोपातल्या जुन्या दानपत्रांतही शेवटी शापाचं आणि दंडाचं कलम असतं, त्याचा अभ्यास करणारे लोक आजही त्याला सांक्टिओच म्हणतात. म्हणजे आधी होता शिक्का. शिक्का मारणं ही झाली मंजुरी. आणि शिक्का मोडला तर जे होईल ते निर्बंध, दंड, शिक्षा.

आता खरी मजा ऐका. आमच्या अलिबागकडे आणि सगळ्या उत्तर कोकणात शिलाहार यादवांच्या काळातले दगड सापडतात, गधेगाळ म्हणतात त्यांना, अक्षी गावातला शिलालेख तर बऱ्याच जणांना माहीत असेल. दगडावर वरच्या बाजूला चंद्र सूर्य, म्हणजे हे दान यावच्चंद्रदिवाकरौ, चंद्र सूर्य आहेत तोवर, टिकेल. मध्ये लेख, कोणी कोणाला काय दिलं. आणि खाली कोरलेलं असतं गाढव आणि बाई, म्हणजे हे दान जो मोडेल त्याच्या आईबद्दल जी शिवी आहे ती इथे लिहीत नाही, संपादक उडवतील. लिहिता न येणाऱ्यालाही कळावी म्हणून चित्र. वर सँक्शन, खाली सँक्शन, दगड एकच. पासबुककाका, भाचीला एकदा घेऊन या, एका नजरेत समजेल.

---

पासबुक

अष्टागरकर, दंडवत घ्या. 31 वर्षं मी जे पत्र काढत होतो त्यातपण हेच होतं की हो! पहिल्या पानावर इतकी रक्कम मंजूर, आणि शेवटच्या पानावर हप्ता चुकला तर पीनल इंटरेस्ट, जप्ती, जामीनदाराला नोटीस. गाढव तेवढं छापायचं राहिलं.

---

टेम्सकाठी

काका 😂😂 गाढव सही करणारा असतो, जामीनदार.

---

वकीलीणबाई

अष्टागरकरांचं शासन कायद्याच्या लोकांना एकदम पटेल. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कायदेपंडित ऑस्टिन म्हणायचा की कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा, आणि आज्ञेला दात आणतं ते सँक्शन. त्याच्या आधी बेंथम नावाच्या तत्त्ववेत्त्याने तर चार प्रकार केले, शारीरिक, राजकीय, नैतिक आणि धार्मिक. दारू पिऊन गटारात पडलात तर शारीरिक सँक्शन, पोलिसांनी धरलं तर राजकीय, गल्लीत नाव गेलं तर नैतिक, आणि वर गेल्यावर चित्रगुप्त बघून घेईल तो धार्मिक (उदाहरण माझं, बेंथमवर ढकलू नका).

---

घाटावरचा

मग देशांवरचे निर्बंध ह्या शब्दात कधी घुसले? कोणाला माहितीये?

---

अष्टागरकर

पहिल्या महायुद्धानंतर. राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स, युनोच्या आधीची संघटना) करारात कलम 16 होतं, जो सदस्य करार मोडून युद्ध करेल त्याच्याशी बाकीच्यांनी व्यापार तोडायचा. परत तेच, करारावर शिक्का आणि मोडला तर दंड. 1935 ला इटलीने ॲबिसिनियावर, म्हणजे आत्ताच्या इथिओपियावर हल्ला केला तेव्हा ते लावले, पण तेल वगळून, त्यामुळे मुसोलिनीचं फार काही अडलं नाही. पुढे युनोच्या सनदेत कलम 41 मध्ये नुसतं मेझर्स म्हटलंय, पण लोकांच्या तोंडी सँक्शन्सच राहिलं. 1966 ला ऱ्होडेशिया (आत्ताचा झिम्बाब्वे), 1990 ला इराक, अशी यादी लांबते.

आणि भाचीला हेही सांगा, परीक्षेत उपयोगी पडेल, की भारत नुसता सोसणाऱ्यांत नाही. 1946 ला, स्वातंत्र्य मिळायच्याही आधी, वर्णभेदी धोरणापायी भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद केला होता. पोखरणनंतरचे अमेरिकेचे निर्बंध बरेचसे 2001 च्या सप्टेंबरात उठले.

---

कोडमोड्या

एम्बार्गो आणि सँक्शन एकच का?

---

अष्टागरकर

नाही. एम्बार्गो म्हणजे मालाची ये-जा बंद, पूर्ण किंवा एखाद्या वस्तूपुरती, जसा शस्त्रांचा. सँक्शन्स ही मोठी पिशवी, एम्बार्गो तिच्यात मावतो, शिवाय खाती गोठवणं, व्हिसा नाकारणं, विमानांना बंदी हे पण. क्रियापद म्हणून एम्बार्गो कमी दिसेल.

---

मनीमाऊ

बाकी मराठी पेपरवाल्यांना मानलं, मंजुरी आणि निर्बंध असे दोन शब्द ठेवून त्यांनी भांडणच मिटवलं. गोंधळ होतो तो आपण बोलताना सँक्शन झालं म्हणतो आणि इंग्रजी वाचताना तोच अर्थ घेऊन जातो म्हणून. मराठीत बोलताना सँक्शन म्हणजे फक्त आणि फक्त मंजुरी. 'माझ्यावर सँक्शन झालं' असं कोणी म्हणतं का?

---

पासबुक

मनीमाऊ, तिथेच तर माझी फसगत झाली, इंग्रजीतला शब्द मी मराठीतून शिकलो.

असो. रविवारी भाची घरी आली होती, सगळा धागा वाचून दाखवला, गधेगाळच्या वेळी मी जरा खोकलो आणि पुढे गेलो पण तिने फोन ओढून घेऊन वाचलंच. मग वहीत लिहिलं ते तिच्याच शब्दात देतो. नामाच्या मागेपुढे ऑन, अगेन्स्ट, इम्पोज असेल तर निर्बंध. गिव्ह, प्रायर, ऑफ द गव्हर्नमेंट असेल तर मंजुरी. क्रियापद असेल तर कर्म बघ, माणूस किंवा देश असेल तर दंड, पैसा, रजा, खर्च असेल तर मंजूर. स्वतः निबंध लिहिताना क्रियापद वापरायचंच नाही, अप्रूव्ह लिही नाहीतर इम्पोज सँक्शन्स ऑन लिही. शंकासुर आणि टेम्सकाठी दोघांचे नियम पोरीने मिसळून टाकलेत, भांडू नका.

जाताना विचारते, मामा, मग शासनमान्य दुकान म्हणजे?

मी म्हटलं मंजूर. ती म्हणाली, आणि त्या दुकानाला शासन झालं तर?

---

आळशी_उंट

दुकान वाढवावं लागेल.